चार किलो दोनशे, अंदाजे

फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवला होता आणि त्यावर माझ्या पोटातल्या बाळाचं वजन लिहिलेलं होतं. एकदा नाही, चारदा, चार हस्ताक्षरांत. पैज लागली होती. ज्याचा आकडा खऱ्यापासून सगळ्यांत लांब जाईल त्याने महिनाभर घरातली भांडी घासायची. ही अक्कल माझ्या नवऱ्याची. त्याने चार किलो शंभर लिहिलं होतं, थोरल्या दिरांनी चार किलो अडीचशे, सासूबाईंनी साडेचार आणि पुढे ‘माझ्या धाकट्याएवढं’. दिरांच्या मुलीने, ठकीने, तेवीस किलो लिहिलं होतं, कारण तिचं स्वतःचं तेवीस भरत होतं आणि त्याहून कमी लिहिणं तिला बाळाचा अपमान वाटला. पाचवा रकाना थोरल्या जाऊबाईंचा. तो कोरा होता.

पाणी घ्यायला गेले की तो कागद समोर यायचा. कोपऱ्यावर तेलकट बोटांचे ठसे, मध्ये कुणाच्या तरी चहाचा थेंब. मला त्याची शिसारी यायची. पण अडतिसावा आठवडा लागला की बाईला कशाकशाची शिसारी येते याची मोजदाद कुणी ठेवत नाही, म्हणून मी गप्प बसले. शेजारीण जिन्यात अडवायची, न विचारता दोन्ही तळवे माझ्या पोटावर ठेवायची आणि डोळे मिटून म्हणायची, ‘जड आहे हं.’ कलिंगड घेताना माणसं टिचकी मारून बघतात, तेवढंच करायचं राहिलं होतं.

वजन हा माझ्यासाठी थट्टेचा विषय नाही. मी वजनमाप निरीक्षक आहे. बारा वर्षं दुकानादुकानांत जाऊन काटे तपासते. माझ्या पेटीत प्रमाणित वजनं असतात. ती हातमोजे घालून उचलायची, कारण बोटाचा घामसुद्धा त्यांना चालत नाही. एकच वजन काट्यावर तीनदा ठेवायचं. तिन्ही वेळा तोच आकडा आला पाहिजे. मग चारही कोपऱ्यांवर ठेवून बघायचं. फरक मर्यादेबाहेर गेला की काट्याला सील, मग दुकानदार हातापाया पडो की वरच्या साहेबांचं नाव घेवो. ऑफिसात मला मागून ‘काटेकोर’ म्हणतात. त्यांना वाटतं मला राग येईल.

तर त्या गुरुवारी आम्ही तपासणीला गेलो. अंधारी खोली, पोटावर थंडगार चिकट जेल, आणि यंत्रापुढे बसलेली सोनोग्राफीवाली बाई, जिच्या तोंडात सतत काहीतरी चघळणं चालू होतं. तिने बाळाचं डोकं मोजलं, पोटाचा घेर मोजला, मांडीचं हाड मोजलं, आणि यंत्राने त्यावरून एक आकडा काढला. चार किलो दोनशे. मला पुसायला दिलेला कागद इतका पातळ होता की तो जेलमध्येच विरघळला. त्याचे बारीक गोळे पोटाला चिकटलेले घेऊन मी डॉक्टरांसमोर बसले.

डॉक्टरांनी आकडा बघून ओठ दाबले. ‘बाळ मोठं दिसतंय. तुमची साखर नॉर्मल आहे, तरी मोठं आहे. थांबलो तर अजून वाढेल. अशात कधीकधी डोकं बाहेर येतं आणि खांदा अडकतो. सोमवारी सकाळी भरती व्हा, औषध देऊन कळा सुरू करू.’

एवढं बोलताना त्यांनी दोनदा घड्याळ बघितलं. चिठ्ठीच्या पाठीमागे एक चित्रही काढलं. एक गोळा आणि त्याखाली आडवी रेघ. गोळा म्हणजे डोकं, रेघ म्हणजे खांदे.

‘चार किलो दोनशे, हे नक्की?’ मी विचारलं.

‘अंदाजे.’

‘अंदाजे म्हणजे किती?’

त्यांना हा प्रश्न बहुधा कुणी विचारत नसावं. ‘दहा टक्के इकडेतिकडे. कधी पंधरा.’

मी तिथल्या तिथे हिशोब केला. पंधरा टक्के म्हणजे सहाशे तीस ग्रॅम. म्हणजे माझं बाळ साडेतीन किलोच्या आसपास असू शकतं आणि पावणेपाचच्या वरही जाऊ शकतं. किलोमागे दहा ग्रॅम मारणाऱ्या दुकानांना मी सील ठोकलेलं आहे. इथे हा माणूस पोतं न उघडता, न उचलता, बाहेरून लांबी-रुंदी मोजून वजन सांगत होता आणि त्यावर माझ्या अंगात औषध सोडणार होता.

‘पुन्हा मोजा,’ मी म्हटलं.

नवरा शेजारी बसला होता. त्याने माझ्या कोपराला हळूच चिमटा घेतला. मी हात झटकला. आम्ही पुन्हा अंधाऱ्या खोलीत गेलो. आता आकडा आला तीन किलो नऊशे चाळीस. तिसऱ्यांदा चार किलो तीनशे दहा. सोनोग्राफीवालीने चघळणं थांबवून माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच आत काहीतरी हलवलं होतं.

‘तीनदा मोजलं, तीन आकडे,’ मी डॉक्टरांना सांगितलं. ‘असला काटा मी भाजीवालीलाही ठेवू देत नाही.’

‘हा काटा नाहीये, बाई.’

‘मग वजन सांगू नका.’

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. ‘नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. सोमवारी येऊन तशी सही करा. हो असेल तर त्याची सही करा. मात्र काय ते ठरवून या.’ आणि त्यांनी पुढच्या बाईला हाक मारली.

घरी आल्यावर मी जाहीर केलं की मी काही कळा सुरू करून घेणार नाही. सासूबाईंना हे इतकं आवडलं की त्यांनी मला जवळ घेतलं. तिथेच मला शंका यायला हवी होती. एरवी मी भांडं कुठे ठेवलं यावरूनसुद्धा आमचं पटत नाही.

‘शाबास! या डॉक्टरांना पराचा कावळा करायची सवयच असते,’ त्या म्हणाल्या. ‘हा साडेचार किलोचा झाला मला. दुपारचं जेवण आवरून गेले आणि दिवेलागणीच्या आत मोकळी. आमच्या घरात बाळं मोठीच होतात आणि कधी अडकत नाहीत.’

मग त्या नेहमीच्या वर्णनात शिरल्या. रक्त किती गेलं, टाके किती पडले, दाई काय म्हणाली. हे सगळं जेवणाच्या टेबलावर, तोंडात घास असताना. समोर त्यांचा साडेचार किलोचा धाकटा मान डोलावत जेवत होता, जणू ते वजन त्याने स्वतःच्या मेहनतीने कमावलं होतं. मला भरल्या ताटावरून उठावंसं वाटलं.

जाऊबाई तेव्हा ठकीच्या ताटात वाढत होत्या. ठकी नऊ वर्षांची. तिचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही. कोपरातून वाकतो, पेन धरतो, पण वरच्या फळीवरची वस्तू काढायची म्हटलं की ती उजवा हात पुढे करते आणि डाव्याने टेबल धरते. या हाताची गोष्ट मला लग्न झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात कळली होती. ठकी आठ दिवसांची असताना जाऊबाईंना पाजता पाजता झोप लागली आणि पोर पलंगावरून पडली. सासूबाई ही गोष्ट अधूनमधून सांगत. शेवटी ‘हिला झोप फार प्यारी’ एवढं म्हणून हसत. दीर मान खाली घालून जेवत राहत. जाऊबाई ताटं उचलायला लागत.

खरं सांगायचं तर मीही जाऊबाईंना मनातल्या मनात नावं ठेवली होती. तोंडाने कधी बोलले नाही, पण माझे दिवस भरत आले तसं मी ठरवत होते, की मी पाजायला बसेन ती खुर्चीत, पलंगावर नाही. मी काही पाडणार नाही. मी काटेकोर.

शुक्रवारी दुपारी जाऊबाई माझ्या खोलीत आल्या. त्या कपडे दुरुस्तीचं दुकान चालवतात. चेन बदलणं, कंबर सैल करणं, असली कामं. हातात बाळाच्या झबल्यांची चळत होती. ती त्यांनी पलंगावर ठेवली, दाराला कडी लावली आणि उभ्या राहिल्या.

‘तू नाही म्हणालीस म्हणे.’

‘हो. वहिनी, तो काटाच खोटा आहे. तीनदा मोजलं तर...’

‘काटा खोटा आहे म्हणून माल हलका होत नाही,’ त्या म्हणाल्या.

बारा वर्षांत मला हे कुणी सुनावलं नव्हतं. खोट्या काट्याला सील ठोकलं की माझं काम संपतं. पोत्यात खरंच किती होतं ते बघायला मी कधी थांबले नव्हते. पंधरा टक्के इकडे आणि पंधरा टक्के तिकडे, हे मीच मोजलं होतं, आणि त्यातलं मला बरं वाटणारं टोक तेवढं उचलून घरी आले होते.

‘ठकी पडली नव्हती,’ जाऊबाई म्हणाल्या.

त्या झबल्यांकडे बघत बोलत होत्या. एकेक उचलून पुन्हा घडी घालत होत्या, घडी नीट असली तरी.

‘मलाही असंच सांगितलं होतं. बाळ मोठं आहे, आधी कळा सुरू करू. आई म्हणाल्या, आमच्याकडे असली थेरं नाहीत, कळा येतात तेव्हा येतात. तेव्हाही कागदावर सही मागितली होती. नाही म्हटल्याची. मग बारा दिवसांनी कळा आल्या. डोकं आलं आणि खांदा अडकला. सगळे धावले. कुणी माझे गुडघे धरले, कुणी पोट दाबलं. दोन की तीन मिनिटं असतील. ओढताना हाताची शीर दुखावली. पोर वाचली. डॉक्टर म्हणाले बऱ्याच जणांचा हात वर्षभरात सुधारतो. हिचा एवढाच सुधारला.’

‘मग पडली, हे कुठून आलं?’

‘आई म्हणाल्या, लोक विचारतील, तुझ्यातच खोट काढतील. पडली म्हणायचं, विषय संपतो. मीही म्हटलं, संपू दे.’

‘नऊ वर्षं? आणि ठकीला?’

‘तेच. माझ्या हातून पडलीस.’

मला त्यांची किळस आली. लिहायला जड जातंय, पण आली. सासूबाईंची तर आलीच. पण ही समोरची बाई, जी रोज पोरीची वेणी घालते, तिचा हात अलगद बाहीत घालते, ती तिच्याशी रोज खोटं बोलत होती. आणि वर ‘हिला झोप फार प्यारी’ हेही ऐकून घेत होती.

‘का?’ मी जवळजवळ ओरडलेच.

‘कारण सही माझी होती.’ त्यांनी वर बघितलं. ‘पेन आईंनी दिलं. पण सही मी केली, कुणी हात धरून करवली नाही. झोप कुणालाही लागते गं. पण मला सांगितलं होतं आणि मी नको म्हटलं, हे त्या पोरीला कसं सांगू? त्यापेक्षा पाडलं हे सोपं वाटलं.’

‘म्हणजे मी हो म्हणावं?’

‘मी कुठे तसं म्हटलं? तेव्हा हो म्हटलं असतं तर हात वाचला असता की नाही, मला माहीत नाही. डॉक्टरांनाही माहीत नाही, मी विचारलंय. तू हवं तर नाही म्हण. पण माहीत नसताना नाही म्हणू नकोस, माझ्यासारखी.’ दार उघडता उघडता त्या म्हणाल्या, ‘आणि घरात एवढ्यात बोलू नकोस. ठकीला मला सांगू दे.’

संध्याकाळी नवरा फ्रिजसमोर उभा होता. हातात पेन. आकडा बदलला तर चालेल का, असं विचारत होता, कारण आता सोनोग्राफीचे तीन आकडे आले होते आणि त्याला सरासरी काढायची होती.

‘ठकीच्या हाताला काय झालं होतं?’ मी विचारलं.

‘पडली ना ती.’

‘काय झालं होतं?’

‘सांगितलं की, पलंगावरून पडली.’

‘ठकीच्या हाताला काय झालं होतं?’

तिसऱ्यांदा आकडा बदलला. त्याने पेनला टोपण लावलं. ‘मी तेव्हा शिकायला बाहेर होतो,’ तो म्हणाला. ‘नंतर दादा एकदा बोलला होता.’

‘म्हणजे तुला माहीत होतं. माहीत असताना हा कागद चिकटवलास.’

‘तुला घाबरवायचं नव्हतं. आणि सगळं नीटच होणार आहे, मग कशाला उगाच...’

हा माणूस गुरुवारी माझ्या शेजारी बसून डॉक्टरांचं ते गोळा-रेघेचं चित्र बघत होता. घरात त्या चित्राची खरी प्रत हिंडते-फिरते हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याने काय केलं, तर मला चिमटा काढला. मी कागद ओढून काढला, चार तुकडे केले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले. त्याने अडवलं नाही. त्या रात्री तो बाहेरच्या खोलीत झोपला आणि मी त्याला बोलावलं नाही.

दोन दिवस मी दोन्ही बाजूंनी विचार केला. सोमवारी सकाळी आम्ही गेलो तेव्हा माझं ठरलेलं नव्हतं. बरोबर नवरा, सासूबाई आणि जाऊबाई. जाऊबाई आपणहून दुकान बंद ठेवून आल्या होत्या. ठकी शाळेत होती.

भरतीच्या खोलीत डॉक्टर नव्हते, मोठ्या सिस्टर होत्या. पन्नाशीच्या, जाड भिंगाचा चष्मा, बोलण्यात कसलाही गोडवा नाही. मला त्या बघताक्षणी बऱ्या वाटल्या.

‘तुम्ही त्या वजनवाल्या,’ त्या म्हणाल्या. ‘तीनदा मोजायला लावलंत. बरोबर केलंत. पण मग प्रश्न अर्धाच विचारून गेलात.’

‘उरलेला अर्धा कुठला?’

‘बाळ खरंच मोठं असेल तर काय, आणि नसेल तर काय.’ त्यांनी बोटं मोजली नाहीत, सरळ सांगत गेल्या. ‘तुमच्यासारख्या शंभर बायका घ्या, ज्यांचं बाळ मोठं वाटतंय. वाट बघितली तर सहा-सात जणींच्या बाळाचा खांदा अडकतो. आधी सुरू केलं तर चारेक जणींचा. अडकतो त्यातले बहुतेक आम्ही सोडवतो, काही होत नाही. हाताची शीर दुखावते ती फार थोड्यांची, आणि ते आधी सुरू करून कमी होतं असं मी छातीठोक सांगू शकत नाही. उलट आधी सुरू केलं की वेळ लागतो, दीड दिवससुद्धा. खाली जास्त फाटू शकतं. बाळाला कावीळ होऊन दिव्याखाली ठेवावं लागू शकतं. दोन्ही रस्ते वाईट नाहीत, दोन्ही फुकटही नाहीत.’

‘हे डॉक्टरांनी का नाही सांगितलं?’

‘त्यांना पुढची पेशंट होती आणि तुम्ही यंत्राशी भांडत होतात. दोघांचंही चुकलं.’ त्यांनी फॉर्म पुढे ओढला. ‘आता मला सांगा. घरात, दोन्हीकडच्या, कुणाच्या बाळाचा जन्मताना खांदा अडकला होता?’

‘छे,’ सासूबाई म्हणाल्या. ‘आमच्याकडे तसलं काही नाही.’

सिस्टरांचं पेन ‘नाही’च्या चौकोनाकडे गेलं. मी तोंड उघडलं आणि मिटलं, कारण एवढ्यात बोलू नकोस असं जाऊबाईंनी सांगितलं होतं. नवरा खिडकीबाहेर बघत होता. बाहेर फक्त एक भिंत होती.

‘माझ्या मुलीचा अडकला होता,’ जाऊबाई म्हणाल्या.

‘ती पडली होती!’ सासूबाई गर्रकन वळल्या.

सिस्टरांनी पेन उचलून धरलं. ‘पडली होती की अडकला होता? मला एकच लिहिता येईल.’

‘अडकला होता. वजन चार किलो साडेतीनशे. डाव्या हाताची शीर दुखावली. आधी कळा सुरू करायला मी नकार दिला होता.’ जाऊबाईंनी हे एका दमात सांगितलं, दुकानात कुणी माप विचारावं आणि त्यांनी सांगावं तसं. मग त्या सासूबाईंना म्हणाल्या, ‘आता बास, आई.’

सासूबाईंचा चेहरा लाल झाला. ‘मी तुझंच बघितलं होतं! लोकांनी तुला नावं ठेवली असती.’

‘ठेवलीच की,’ जाऊबाई म्हणाल्या. ‘झोपेवरून ठेवली.’

मी खाली बघितलं, कारण त्या लोकांत मीही होते.

सिस्टरांनी ‘हो’च्या चौकोनात खूण केली. ‘ती मुलगी तुमच्या रक्ताची नाही, पण बाळाची चुलतबहीण आहे. एवढ्यावरून फार काही सिद्ध होत नाही. पण मला माहीत असलेलं बरं. सही कशावर करताय?’

दोन कागद होते. मी दोन्ही वाचले. कोणत्याच कागदाने मला काही वचन दिलं नाही. मला काटा हवा होता आणि मिळाला होता नुसता अंदाज, एका बाजूला सात आणि दुसऱ्या बाजूला चार. तीन बायकांचा फरक. शंभरात तीन म्हणजे माझ्या खात्यात फार असतात. मी होच्या कागदावर सही केली. सासूबाई ‘अति शहाणपणा’ असं काहीतरी पुटपुटल्या. मी नवऱ्याला सांगितलं की आईंना घरी घेऊन जा आणि वहिनी थांबतील.

एकतीस तास लागले. त्यांचं वर्णन करणार नाही. जेवणाच्या टेबलावर ते वर्णन करणारी एक बाई आमच्या घरात आहे, तेवढी पुरे. मी ओकले, मी शिव्या दिल्या, आणि एकदा जाऊबाईंच्या मनगटाला चावले. डोकं बाहेर आलं तेव्हा मोठ्या सिस्टरांनी माझे गुडघे छातीशी दाबून धरले होते. मग बाळ आलं. मुलगी. तीन किलो सातशे साठ.

‘अडकला होता का?’ मी नंतर सिस्टरांना विचारलं.

‘नाही. पण मी तयारीत होते.’

‘थांबले असते तरी झालं असतं का?’

‘कदाचित.’ त्या हातमोजे काढत होत्या. ‘तुम्हाला हा शब्द आवडत नाही, मला कळतंय. पण दुसरा माझ्याकडे नाही.’

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरची मंडळी भेटायला आली. बाळ दिव्याखाली होतं, अंगाला पिवळट झाक आली होती. सासूबाईंनी काचेतून बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. ‘पावणेचारच? एवढ्यासाठी एवढा खटाटोप? वर कावीळ लावून घेतलीत पोरीला. आपोआप आलं असतं तर...’ मी डोळे मिटून घेतले. टाके ठणकत होते आणि मला त्या बाईचा उबग आला होता. पण तिचं म्हणणं खोटं पाडायला माझ्यापाशी एकही वजन नव्हतं. नवरा त्यांना घेऊन बाहेर गेला. अलीकडे त्याला न सांगता एवढं समजतं.

ठकी मागे राहिली. ती पलंगाच्या कडेला टेकली, डावा हात मांडीवर ठेवून. जाऊबाई कोपऱ्यात माझा चहा ओतत होत्या.

‘काकू, आईने सांगितलं. मी पडले नव्हते.’

‘हो.’

‘तुला आधीच माहीत होतं?’

‘शुक्रवारपासून.’

‘मला शाळेत सगळे विचारायचे, तेव्हा मी सांगायचे, आईच्या हातून पडले, पण चुकून. मी तिला कधीच माफ करून टाकलं होतं.’ तिने आईकडे बघितलं नाही. ‘पहिलीत असतानाच. तिला सांगितलं नव्हतं, कारण तिला वाईट वाटलं असतं.’

जाऊबाईंनी चहा ओतणं थांबवलं.

‘मग आता ते माफ केलेलं काय करायचं?’ ठकीने विचारलं. ‘तिने तर मला पाडलंच नाही.’

मी त्या बाईला तेवढंही दिलं नव्हतं. जाऊबाई कप ठेवून पलंगाजवळ आल्या आणि लेकीसमोर खाली बसल्या.

‘ते सहीसाठी धरता येईल का?’ त्यांनी विचारलं.

ठकीने विचार केला. कपाळाला आठ्या घालून, एखादं गणित पुन्हा पहिल्यापासून करावं लागतंय अशी.

‘नाही,’ ती म्हणाली. ‘ते पडल्याचं होतं. सहीचं मला कालच कळलंय. त्याला वेळ लागेल.’

‘घे,’ जाऊबाई म्हणाल्या. ‘लागेल तेवढा घे.’